चौथ्या मणक्याचा काटा : कंबरेच्या फ्युजनविषयी खुले पत्र

प्रति,
मणक्याच्या शस्त्रक्रिया करणारे अस्थिरोग व मज्जासंस्था शल्यविशारद आणि त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी यांस

विषय : फ्युजन करताना वरच्या जोडीचे मागचे अस्थिबंध राखणे आणि त्याची लेखी नोंद

महोदय,

कंबरेचे दोन मणके स्क्रू, सळ्या आणि गादीच्या जागी पिंजरा (केज) बसवून एकजीव केले की त्या दोघांमधली हालचाल कायमची थांबते. दुखण्याचे मूळ त्या हालचालीतच असेल तर रुग्णाला आराम पडतो. माणसाचे वाकणे-वळणे मात्र थांबत नाही. जोडलेल्या भागाने सोडलेले काम शेजारच्या मणक्यांना करावे लागते, आणि त्यातला मोठा वाटा बहुधा लगतच्या वरच्या जोडीला उचलावा लागतो. काही वर्षांनी तिथली गादी बसते, मणक्यांना मागून जोडणारे फॅसेट सांधे जाडावतात, मणका पुढे किंवा मागे सरकू लागतो, मज्जानलिका अरुंद होते. रुग्णाच्या भाषेत सांगायचे तर ‘खालचे ऑपरेशन चांगले झाले, पण आता त्याच्या वर गॅप आली.’

या झिजेचे दोन प्रकार वेगळे ठेवावे लागतात. एक झीज फक्त एक्स-रे आणि एमआरआयवर दिसते, रुग्णाला तिची खबरही नसते. दुसरी पायात कळा आणते, चालणे कमी करते आणि पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेते. हिलिब्रँड आणि रॉबिन्स यांनी २००४ मध्ये हा भेद स्पष्ट शब्दांत मांडला. त्याच वर्षी पार्क व सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. नुसती फिल्मवरची झीज मोजली तर प्रमाण ५.२ टक्क्यांपासून थेट १०० टक्क्यांपर्यंत निघत होते. लक्षणे देणारा आजार मोजला तर तेच प्रमाण ५.२ ते १८.५ टक्के भरत होते. पहिल्या आकड्यांचा पसारा पाहिला की व्याख्या किती सैल होत्या ते कळते. दुसरे आकडे जास्त उपयोगाचे आहेत.

रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रिया लागली की नाही, हा निकष त्याहून पक्का. अमेरिकेत गिसेली व सहकाऱ्यांनी २१५ रुग्णांचा मागोवा घेतला. त्यांच्या हिशोबाने शेजारच्या पातळीवर पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता ५ वर्षांत १६.५ टक्के आणि १० वर्षांत ३६.१ टक्के होती. ऑस्ट्रेलियात सीअर्स व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ९१२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तिथे हेच प्रमाण १३.६ आणि २२.२ टक्के आले. त्याच अभ्यासात एकच पातळी जोडलेल्या रुग्णांना दरवर्षी १.७ टक्के, दोन पातळ्या जोडलेल्यांना ३.६ टक्के आणि तीन-चार जोडलेल्यांना ५ टक्के दराने नवी शस्त्रक्रिया लागत होती. जोडलेल्या भागाला लागून असलेल्या पातळीवर लॅमिनेक्टमीही केली असेल, म्हणजे मणक्याची मागची कमान काढली असेल, तर हा धोका २.४ पट होत होता. या पत्राचा विषय त्या शेवटच्या आकड्यात आहे.

झिजेची बरीच कारणे शल्यविशारदाच्या हाती नसतात. रुग्णाचे वय, वजन, आधीच काळवंडलेली शेजारची गादी, कमानीची जन्मजात ठेवण यांत टेबलावर काही बदलता येत नाही. किती पातळ्या जोडायच्या, कंबरेची पुढची बाकदार ठेवण किती राखायची आणि पाठीमागचे कोणते अस्थिबंध कापायचे, हे मात्र पूर्णपणे त्याच्या हाती असते. यातल्या पहिल्या दोन गोष्टींवर परिषदांमध्ये तास-तासभर चर्चा झडतात. तिसरी बहुतेक वेळा निब्लर या हाड कुरतडणाऱ्या अवजाराच्या दोन-तीन चाव्यांत उरकून जाते.

मणक्याच्या मागच्या बाजूला अस्थिबंधांचे थर असतात. सर्वांत आत, कमानींच्या मधे पिवळा अस्थिबंध. त्यात सुमारे ८० टक्के इलास्टिन असल्याने तो रबरासारखा ताणतो आणि परत येतो. दोन्ही बाजूंना फॅसेट सांध्यांची वेष्टने. मधोमध, पाठीवरून बोट फिरवले की लागणाऱ्या काट्यांच्या दरम्यान आंतरकंटक अस्थिबंध, आणि काट्यांच्या टोकांवरून खाली उतरणारा अधिकंटक अस्थिबंध. हा शेवटचा दोर माकडहाडापर्यंत सलग जातो असे चित्रांवरून वाटते, पण तसे नाही. फिनलंडच्या रिस्सानेन यांनी १९६० मध्ये शवविच्छेदनातून दाखवले की तो बहुतेकांत कंबरेच्या चौथ्या मणक्याच्या काट्यावरच संपतो. काहींत तिसऱ्यावर संपतो, पाचव्यापर्यंत पोहोचणारे थोडेच. त्याच्या खाली पाठीच्या स्नायूंचे आणि त्यांच्यावरच्या आवरणाचे, म्हणजे फॅशियाचे तंतू एकमेकांत गुंफून ती जागा घेतात. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याच्या जोडीला खरा अधिकंटक अस्थिबंध मिळतो, आणि त्याचा खालचा खुंटा असतो चौथ्याचा काटा.

या अस्थिबंधांचे काम किती, हे ब्रिटनमध्ये ॲडम्स, हटन आणि स्टॉट यांनी १९८० मध्ये मोजले. शवातील मणक्यांची जोडी पुढे वाकवायची, एकेक अस्थिबंध कापत जायचे आणि प्रत्येक वेळी विरोध किती घटला ते पाहायचे, अशी त्यांची पद्धत. पुढे वाकण्याच्या टोकाला होणाऱ्या विरोधात फॅसेट वेष्टनांचा वाटा ३९ टक्के, गादीचा २९, अधिकंटक-आंतरकंटक जोडीचा १९ आणि पिवळ्या अस्थिबंधाचा १३ टक्के आला. १९ टक्के ऐकून ‘एवढेच?’ असे वाटू शकते. पण हे अस्थिबंध फिरण्याच्या आसापासून सर्वांत लांब असतात, त्यामुळे जास्त वाकवले की पहिली इजा यांनाच होते. हे गेले की पुढचा ताण वेष्टनांवर आणि गादीच्या मागच्या भिंतीवर येतो.

त्यांचे काम नुसते दोरखंडाचेही नाही. सोलोमोनोव व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांजरांवर आणि शस्त्रक्रिया चालू असलेल्या माणसांवर प्रयोग केले. अधिकंटक अस्थिबंध ताणला की मल्टिफिडस स्नायू प्रतिक्षिप्तपणे आवळतो, असे त्यांना दिसले. अस्थिबंधात संवेदक असतात, ते ताण ओळखतात आणि स्नायूला मदतीला बोलावतात. अस्थिबंध कापला की दोर जातो आणि त्याच्याबरोबर हा इशाराही जातो.

आता चौथ्या-पाचव्या मणक्यांचे फ्युजन, म्हणजे एल-४ एल-५, या नेहमीच्या शस्त्रक्रियेकडे जवळून पाहू. मणका सरकण्याचा वयानुसार होणारा प्रकार सर्वाधिक याच पातळीवर होतो. रुग्ण पालथा, मधोमध उभा छेद, कॉटरीने फॅशिया उघडलेला, मल्टिफिडस काट्यांपासून सोडवून दोन्ही बाजूंना ओढलेला. मज्जानलिका मोकळी करण्यासाठी चौथ्या मणक्याची कमान काढायची असते. सर्वांत सोपी वाट म्हणजे चौथ्याचा काटा मुळापासून काढणे, मग कमान, मग पिवळा अस्थिबंध. डोळ्यांसमोर सगळे मोकळे होते, नस दिसते, पिंजरा बसवायला जागा मिळते. या वाटेने जाणाऱ्या शल्यविशारदाने तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या जोडीला हात लावलेला नसतो, ऑपरेशन नोट्समध्ये तिचा उल्लेखही नसतो. तरीही तिचा मागचा आधार त्याने काढून घेतलेला असतो. त्या जोडीचे अधिकंटक आणि आंतरकंटक अस्थिबंध खाली ज्याला बांधलेले होते तो काटा कचऱ्याच्या भांड्यात गेलेला असतो. वरची जोडी शाबूत दिसते, पण पुढे वाकताना तिला मागून कुणी धरत नाही. खालचा भाग आता एकजीव झालेला असल्याने वाकण्याचे काम आधीपेक्षा जास्त पडते ते हिच्यावरच.

तैवानच्या चांग गुंग रुग्णालयातील लाय व सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न घेऊन स्क्रू बसवून फ्युजन केलेल्या १०१ रुग्णांचा अभ्यास केला आणि तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. जोडलेला भाग आणि त्याच्या वरचा मणका यांमधले अस्थिबंध ज्यांचे राखले होते त्यांच्यात वरच्या पातळीची अस्थिरता ६.५ टक्के निघाली. ज्यांचे गेले होते त्यांच्यात २४.३ टक्के. स्वीडनमध्ये एकमन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचे मोल वेगळे आहे. त्यात मणका सरकलेल्या प्रौढांना चिठ्ठ्या टाकून फ्युजन किंवा व्यायाम यांत वाटले होते आणि नंतर बारा वर्षांहून अधिक काळ पाहिले होते. फ्युजन झालेल्यांत शेजारची गादी जास्त झिजली, आणि त्यांच्यातही ज्यांची लॅमिनेक्टमी झाली होती त्यांची अधिक. संगणकावर मणक्याची प्रतिकृती करून केलेली गणितेही त्याच दिशेने जातात. काटा आणि अस्थिबंध काढून टाकले की पुढे वाकताना वरच्या जोडीची हालचाल आणि तिच्या गादीवरचा ताण वाढतो. मागे वाकताना किंवा बाजूला झुकताना फरक नगण्य असतो. मागचे अस्थिबंध पुढे वाकतानाच ताणले जातात, तेव्हा हे अपेक्षितच होते.

या पुराव्याला मर्यादा आहेत, आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लाय यांचा अभ्यास मागे वळून केलेला आहे. ज्या रुग्णांची नलिका जास्त अरुंद होती त्यांची कमान जास्त काढली गेली असणार, आणि अशा रुग्णांचे शेजारचे मणकेही मुळात जास्त झिजलेले असू शकतात. शिवाय फिल्मवरची झीज आणि रुग्णाचे हाल यांचा मेळ दरवेळी लागत नाही. एकमन यांच्या रुग्णांत झीज दिसली, पण तिने एकूण परिणामात फारसा फरक पडला नाही. फ्युजन आणि विनाशस्त्रक्रिया उपचार यांची तुलना करणाऱ्या यादृच्छिक चाचण्यांतल्या रुग्णांना मॅनियन व सहकाऱ्यांनी तेरा वर्षांनी पुन्हा तपासले. तिथेही फ्युजननंतर शेजारच्या गादीची उंची घटलेली होती, पण त्याचा दुखण्याशी संबंध सापडला नाही. तेव्हा ‘अस्थिबंध राखला की दुसरे ऑपरेशन टळले’ असे रुग्णाला सांगणे चूक ठरेल. एवढे मात्र म्हणता येते की अस्थिबंध राखल्याने झीज वाढते असे दाखवणारा पुरावा नाही, कारण-परिणामाची यांत्रिक साखळी स्पष्ट आहे, आणि राखण्यासाठी वेगळे इम्प्लांट विकत घ्यावे लागत नाही. यापेक्षा कच्च्या आधारावर महागडी साधने बाजारात खपलेली आहेत.

राखण्याचे मार्ग अनेक आहेत. सर्वांत साधा म्हणजे चौथ्याचा काटा आणि कमानीचा वरचा भाग जागेवर ठेवून फक्त खालचा भाग काढणे. नलिकेचा दाब बहुधा गादीच्या पातळीवर, म्हणजे कमानीच्या खालच्या कडेपाशी असतो. वरच्या कडेला लागलेला तिसऱ्या-चौथ्या जोडीचा पिवळा अस्थिबंध आणि काट्याला लागलेले इतर बंध तसेच राहतात. एका बाजूने शिरून काट्याच्या मुळाखालून दुसरी बाजू मोकळी करणे, ही दुसरी रीत. विल्टसे यांनी १९६८ मध्ये सांगितलेली वाट मल्टिफिडस आणि लाँगिसिमस या स्नायूंच्या मधून जाते, त्यामुळे काटे आणि त्यांचे अस्थिबंध यांची मधली फळी अजिबात उघडावी लागत नाही. नळीतून केल्या जाणाऱ्या आजच्या टीएलआयएफ या फ्युजनच्या प्रकारामध्ये हीच कल्पना आहे. जपानमध्ये वातानाबे व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये काटा उभा मधोमध चिरून दोन फाका बाजूला सारण्याची रीत प्रसिद्ध केली, ज्यात स्नायू आणि अस्थिबंध आपापल्या फाकेला लागून राहतात. इतिहासातला एक योग इथे आठवतो. न्यूयॉर्कमध्ये १९११ मध्ये क्षयरोगी मणक्यांसाठी फ्युजन सुरू करणाऱ्या दोघांपैकी फ्रेड आल्बी यांनीही काटे उभेच चिरले होते. त्यांना त्या फटीत नडगीचे हाड बसवून मणके गोठवायचे होते. दुसरे रसेल हिब्स काटे मोडून खालच्या मणक्यावर टेकवत. त्या काळी काटा म्हणजे फुकटचा हाडाचा साठा होता, आणि काही अंशी आजही तो तसाच वापरला जातो.

पुढून किंवा बाजूने पिंजरा बसवण्याच्या पद्धतींत मागच्या अस्थिबंधांचा प्रश्न बराचसा मिटतो. तरी तिथेही शेजारची झीज शून्यावर येत नाही.

एक गैरसमज मात्र जाहिरातींनी पसरवला आहे. छेद लहान म्हणजे आतली हानी कमी, असे समीकरण नाही. दीड इंचाच्या छेदातूनही वरच्या जोडीचे फॅसेट वेष्टन फाडता येते, आणि चार इंचांच्या मधल्या छेदातूनही काटा, अस्थिबंध, वेष्टन सगळे राखता येते. ॲडम्स यांच्या आकड्यांत सर्वांत मोठा वाटा वेष्टनांचा होता, हे इथे विसरू नये. चौथ्या मणक्यातला स्क्रू ज्या जागी शिरतो ती त्याच्या वरच्या सांधेफळीच्या पायथ्याशी असते, आणि ती फळी तिसऱ्या-चौथ्या जोडीच्या फॅसेट सांध्याचा अर्धा भाग असते. स्क्रू किंचित आत किंवा वर गेला तरी त्याचे डोके त्या सांध्याला घासते. अस्थिबंध राखून सांध्यात स्क्रू घुसवला तर हाती फार काही लागत नाही.

कंबरेची ठेवण बिघडली तरी तेच. रोटेनफ्लू व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की ओटीपोटाच्या हाडाचा पेल्व्हिक इन्सिडन्स कोन आणि कंबरेचा बाक यांत १० अंशांहून जास्त तफावत राहिली तर शेजारच्या आजारासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचा धोका सुमारे दहापट होतो. हा आकडा अस्थिबंधांविषयीच्या कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा आहे, आणि अस्थिबंधांचा आग्रह धरणाऱ्यांनी तो डोळ्यांसमोर ठेवायला हवा. सपाट पाठीने जोडलेल्या मणक्याच्या वर राखलेला अस्थिबंध सतत ताणलेलाच राहतो.

काही प्रसंगी अस्थिबंध सोडूनच द्यावा लागतो. तिसऱ्या-चौथ्या पातळीवरही नलिका खरोखर अरुंद असेल, आधीच्या शस्त्रक्रियेचे व्रण असतील, गाठ किंवा जंतुसंसर्ग असेल, तर नस मोकळी करणे पहिले. दाबलेली नस तशीच ठेवून राखलेला काटा रुग्णाच्या कामाचा नसतो. सोडून दिलेल्या अस्थिबंधाच्या जागी कृत्रिम पट्टा किंवा काट्यांमध्ये पाचर बसवण्याचे प्रयोग बरेच झाले, पण त्यांचे निकाल एकसारखे नाहीत. मूळ बंध राखणे जिथे शक्य आहे तिथे त्यांची गरज पडू नये.

आणि सर्वांत चांगले राखणे म्हणजे अनावश्यक फ्युजन न करणे. नॉर्वेतील नॉर्डस्टेन चाचणीत सरकलेल्या मणक्याचे २६७ रुग्ण होते. निम्म्यांची नलिका मधली फळी राखून फक्त मोकळी केली, निम्म्यांचे त्याबरोबर फ्युजनही केले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार दोन वर्षांनी नुसती नलिका मोकळी केलेले रुग्ण फ्युजनवाल्यांपेक्षा कमी पडले नाहीत. त्याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागात, मणका न सरकलेल्या ४३७ रुग्णांत, अस्थिबंध राखणाऱ्या तीन रीतींची तुलना झाली, तेव्हा तिन्हींचे परिणाम सारखेच आले. म्हणजे हात ज्या रीतीवर बसला आहे तीच वापरावी, मधली फळी राखली म्हणजे झाले.

महाराष्ट्रातल्या रुग्णांना हा विषय जवळचा आहे, कारण इथले रोजचे जगणे पुढे वाकण्याचे आहे. खुरपणी, भातलावणी, जमिनीवर बसून भाकऱ्या थापणे, पाटावर जेवणे, देशी शौचालय या सगळ्यांत कंबर पुढे वाकते, आणि मागचे अस्थिबंध नेमके तेव्हाच कामाला येतात. शस्त्रक्रियेनंतर ‘वाकू नका’ हा सल्ला शेतमजूर बाईला चार महिने पाळता येतो, चौदा वर्षे नाही. त्यामुळे तिच्या वरच्या जोडीचा आधार टिकवण्याची निकड खुर्चीवर बसून काम करणाऱ्यापेक्षा जास्त आहे.

डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा ‘एल-४ एल-५ टीएलआयएफ’ एवढीच ओळ असते. पाच-सात वर्षांनी वर दुखू लागलेला रुग्ण ते कार्ड घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, तेव्हा आधी नेमके काय काढले होते हे त्या डॉक्टरला एमआरआयवरून अंदाजाने ठरवावे लागते. चौथ्याचा काटा पूर्ण काढला की अर्धा, तिसऱ्या-चौथ्या जोडीचे अधिकंटक आणि आंतरकंटक अस्थिबंध शाबूत राहिले की नाही, वरच्या फॅसेटचे वेष्टन उघडले गेले का, आणि अस्थिबंध सोडले असतील तर कशासाठी, या चार-पाच ओळी ऑपरेशन नोट्समध्ये आणि कार्डावर लिहिल्या जाव्यात. त्यांना जोडून शस्त्रक्रियेआधीचा आणि नंतरचा उभ्याने काढलेला एक्स-रे असावा, कारण झोपून काढलेल्या फिल्मवर कंबरेचा बाक खरा दिसत नाही. संघटनांनी नोंदीचा एक समान नमुना ठरवून दिला तर निरनिराळ्या शहरांतल्या रुग्णांची माहिती एकत्र ठेवून पाहता येईल. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकापासून स्वेस्पाइन ही राष्ट्रीय नोंदवही तेच काम करते. लाय यांच्या अभ्यासाबद्दल वर जी शंका मांडली आहे, ती आधीपासून लिहून ठेवलेल्या अशा नोंदींनीच फिटू शकते.

कळावे.